झऱ्यावरचं झाकण

बेहडवाडी,
४ फेब्रुवारी २०२५

चि. गोकुळ,

आशीर्वाद. बहिणीनं फोन सोडून पत्र का लिहिलं, असं वाटेल तुला. वाडीत रेंज नाही हे तुला माहीत आहे. खडकावर चढून फोन लावला की तू मीटिंगमध्ये असतोस हे मला माहीत आहे. शिवाय कागदावर लिहिलेलं ‘ऐकूच आलं नाही’ म्हणता येत नाही. जानकू रोज जीप घेऊन घोडेगावला उतरतो, तो पुढं मंचरच्या कोणाच्याही हाती पाकीट देईल.

परवा तुझ्या संस्थेची माणसं आम्हाला पाणी शिकवायला आली होती. दोन गाड्या, एक पडदा, आणि प्रत्येक बाईला एक निळी टोपी. शाळेत बसवलं. पडद्यावर एक गोरीपान बाई दात घासत होती आणि तिचा नळ नुसता वाहत होता. तुमच्यातली ती पोरगी म्हणाली, “मावशी, यात काय चुकलं, सांगा बरं?” शेवटी साळुबाई उठली.

“चुकलं काय ते ऱ्हाऊ द्या पोरी. ह्यो नळ कंच्या वाडीत हाय ते सांग. आमी तिकडंच जातो ऱ्हायला.”

पोरगी हसली. तिला तो विनोद वाटला. मग तिनं सांगितलं की शॉवरखाली आंघोळ करू नये, बादली घ्यावी. एका घागरीत चार माणसांच्या आंघोळी उरकणाऱ्या बाया माना डोलवत होत्या, कारण टोपी मिळायची बाकी होती. जाताना शाळेच्या भिंतीवर पाण्याचा थेंब रंगवून गेले. त्याला डोळे आहेत आणि दातही. तीस वर्षं अंगणवाडी चालवली मी, पण पाण्याला दात असतात हे मला तुझ्या संस्थेनं शिकवलं.

हे सगळं सोडून दिलं असतं. पण त्यातले दोघं टेप घेऊन वर राईत गेले आणि झऱ्याची मापं घेऊन आले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “तुमच्या अध्यक्षबाईंना माहीत आहे.” अध्यक्षबाई कोण, तर मी! गोकुळ, माझं नाव कोणी घातलं? आणि झऱ्याला हात लावायचा नाही, हे नीट ऐक. तो खडकाच्या फटीतून येतो, उंबराच्या मुळीला धरून. एकतीस घरं त्यावर आहेत. उन्हाळ्यात बारीक होतो, पण माझं लग्न होऊन इथं आल्यापासून एकदाही थांबलेला नाही.

हर्षालीला आठवण सांग. तुझे दाजी बरे आहेत.

तुझी आक्का,
वैजयंती


मंचर,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
सा. न.

तुझं पत्र मिळालं. ऑफिसमध्ये वाचून दाखवलं, सगळे हसले. तुझ्या लिहिण्याला धार आहे, ती आमच्या वार्षिक अहवालात कामी येईल.

आता मुद्द्याचं. एका मोठ्या कंपनीनं आपल्या भागातल्या पाणलोटासाठी समुदाय अनुदान दिलं आहे. त्यात पहिलं काम मी बेहडवाडीचं घातलं. कोणासाठी? तू रोज डोक्यावर दोन हंडे घेऊन उतरतेस म्हणून. झऱ्याच्या तोंडाशी सिमेंटची बंद पेटी करायची, म्हणजे पालापाचोळा पडणार नाही, गुरं तोंड घालणार नाहीत. तिथून पाइप शाळेपर्यंत, शाळेशेजारी काळी टाकी आणि नळकोंडाळं. तू अंगणातून उठलीस की पाणी. याला शास्त्र म्हणतात, आक्का. शहरातल्या इंजिनिअरनं आराखडा काढला आहे.

अनुदानाची अट अशी की गावातल्या महिलांची समिती हवी आणि तिची संमती हवी. विश्वासाचं नाव म्हणून तुझं घातलं. सोबतच्या संमतीपत्रावर सही करून पाठव. साळुबाई वगैरेंना प्रत्येक गोष्ट विचारत बसलीस तर पुढची दहा वर्षं चर्चाच होईल. आपली माणसं कशी आहेत ते मला सांगायला नको, त्यांच्यातूनच आलो मी. चांगलं काही करायला घेतलं की आधी त्यांच्या पोटात दुखतं. आजे-पणजे तसंच पाणी प्यायले म्हणून आपणही तसंच प्यायचं, आणि जुलाब झाले की देवाला नारळ.

हे काम नीट झालं तर जुन्नरकडच्या वाड्याही माझ्याकडे येणार आहेत. माझ्यासाठी एवढं कर.

तुझा,
गोकुळ


बेहडवाडी,
२० फेब्रुवारी २०२५

चि. गोकुळ,

कागद सही करून पाठवत आहे.

मला पटलं म्हणून नाही. शेवटच्या ओळीत तू लहानपणी हट्ट करायचास तसा दिसलास, आणि माझा हात चालला. बायकांना विचारलेलं नाही. तू नको म्हणालास, आणि मलाही विचारायची लाज वाटली. इंजिनिअर तुझ्यापेक्षा शहाणा असेल एवढीच आशा आहे. आशेला फार जोर नाही.

झऱ्याच्या फटीला धक्का लावायचा नाही एवढं मात्र त्यांना तुझ्या तोंडानं सांग.

आक्का


बेहडवाडी,
१८ मार्च २०२५

चि. गोकुळ,

तुझं उत्तर नाही. काम मात्र आलं.

तुझा ठेकेदार पप्पू आला. गळ्यात जाड साखळी, दोन कामगार आणि खडक फोडायचं मशीन. मी राईत जाऊन सांगितलं, “दादा, फटीला हात नको लावू.” तो म्हणाला, “मावशी, ड्रॉइंगमध्ये पेटी चौकोनी आहे. खडक वाकडा आहे. मग सरळ कोणाला करायचं, ड्रॉइंगला का खडकाला?” आणि खडक सरळ केला. दिवसभर सगळा डोंगर थरथरत होता. उंबराच्या मुळ्या पेटी फोडतील म्हणून त्याही तोडल्या. मग सिमेंट लिंपलं, वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप, आणि झाकणावर कंपनीचं नाव. झऱ्याला एवढी वर्षं नाव नव्हतं, आता त्याला मालक मिळाला.

शेजारची कुशाबाई मला म्हणाली, “वैजे, ह्यांना कुणी बोलावलं गं?” मी म्हटलं, “सरकारी असेल काही.” असं खोटं बोलले. तिला खोटं कळतं, पण तिला वाटलं नाही की मी बोलेन.

नळाला पाणी आलं आहे. जोरात आलं. पोरं नाचली. तुला खूश करायला हे लिहीत नाही, जे आहे ते लिहिते.

आक्का


बेहडवाडी,
९ एप्रिल २०२५

गोकुळ,

नळ अठरा दिवस चालला. पाडव्याला धार सुतासारखी झाली, त्यानंतर चार दिवसांनी बंद. किल्ली पप्पूकडे, पप्पू मंचरला. दाजींनी कुलूप तोडून झाकण उचललं. आत कोरडं ठणठणीत. एक बेडूक होता, तोही मेलेला.

पाणी गेलं कुठं, ते दोन दिवसांनी जानकूला दिसलं. राईच्या खाली जो सरळ कडा तुटला आहे, त्याच्या मधोमध काळी ओल आली आहे. तोंड लिंपून टाकलं, खडक हलवला, तर त्यानं दुसरी वाट काढली. तिथं माणूस पोहोचत नाही. माकडं पोहोचतात. तुझ्या कंपनीला कळव, लाभार्थी माकडं आहेत, आणि फार समाधानी आहेत.

आम्ही आता धरणाच्या फुगवट्यावर जातो. डिंभ्याचं एवढं पाणी आमच्या पायाशी पसरलं आहे, खालच्यांच्या उसाला जातं, आणि आम्ही ते हंड्यानं डोंगरावर चढवतो. जायला पाऊण तास, यायला दीड. सोमवारी साळुबाई चढणीवर घसरली. हंडा सुटला तर पाणी जाईल म्हणून तिनं हंडा धरून ठेवला आणि आपण कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. जानकूच्या जीपमध्ये पाठीमागं फळी टाकून नेली तिला. जाताना मला म्हणत होती, “हंड्यात निम्मं ऱ्हायलंय, माझ्या घरी पोच कर.” मी पोचवलं.

तिला पाणी शिकवलंत ना तुम्ही? टोपी अजून तिच्या खुंटीला आहे.

वैजयंती


मंचर,
१४ एप्रिल २०२५

ती. आक्कास,
सा. न.

साळुबाईचं वाचून वाईट वाटलं. वय झालं की तोल जातोच.

मी ऑफिसमध्ये चौकशी केली. पाऊस मागल्या वर्षी लवकर उघडला, त्यामुळे सगळीकडेच झरे आटले आहेत. शिवाय दाजींनी कुलूप तोडलं, हे बरोबर केलं नाही. ती संस्थेची मालमत्ता आहे. झाकण उघडल्यामुळे आतला दाब कमी झाला असण्याची शक्यता आहे. लोकांना वापरायची अक्कल नसेल तर इंजिनिअर काय करणार? मी साहेबांपुढं तुमची बाजू सांभाळून घेतली आहे.

आता नीट वाच. २६ तारखेला कंपनीकडून नूतन मॅडम पाहणीला येत आहेत. आदल्या दिवशी आम्ही टँकर पाठवतो. काळी टाकी भरून ठेवायची, म्हणजे सकाळी नळ सोडला की पाणी. दोन तासांचा प्रश्न आहे. बायका चांगली लुगडी नेसून, टोप्या घालून, हंडे घेऊन उभ्या कर. तू अध्यक्ष म्हणून चार शब्द बोल. ‘पूर्वी आम्ही लांबून पाणी आणायचो’ असं सुरू कर, पुढचं तुला सुचेल.

हे पार पडलं की पेटी दुरुस्त करायला पुढचं अनुदान मागता येईल. नाही पडलं तर दुरुस्तीही नाही. तुझं भलं त्यातच आहे.

तुझा,
गोकुळ


बेहडवाडी,
१९ एप्रिल २०२५

गोकुळ,

टँकर पाठव.

वैजयंती


मंचर,
२१ एप्रिल २०२५

ती. आक्कास,

मला माहीत होतं, शेवटी तू माझीच बहीण. टँकर २५ला दुपारी पोहोचेल. उन्हाची उभी राहू नकोस.

गोकुळ


बेहडवाडी,
३० एप्रिल २०२५

गोकुळ,

तू आला नाहीस. ताप आला म्हणे तुला, तुझ्या जागी आलेल्या पोरानं सांगितलं. बेहडवाडीला यायचं म्हटलं की येणारा हा ताप मी ओळखते. म्हणून काय झालं ते लिहिते. तो पोरगा तुला वेगळं सांगेल.

२५ला टँकर आला, टाकी भरली, ड्रायव्हर ‘उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही’ म्हणून दम देऊन गेला. त्याची गाडी वळणाआड गेली आणि मी स्वतः नळ सोडला. म्हटलं, भरा. हंडे, घागरी, पातेली, पोरांचे डबे, म्हशीची घमेली. दिवेलागणीपर्यंत टाकी रिकामी वाजायला लागली. महिन्यात पहिल्यांदा सगळ्या वाडीनं केस धुतले.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. बाई तशी साधी होती, उन्हानं लाल झालेली. तुझ्या ऑफिसच्या पोरानं फीत लावली, मॅडमनी नळ फिरवला. नळ खोकला. पुन्हा फिरवला, पुन्हा खोकला. पोरगा म्हणाला, “एअर आहे मॅडम, एअर.” कुशाबाई म्हणाली, “व्हय, लई एअर हाय. तीन आठवडं झालं आमी तीच पितोय.”

मग मी बोलले. तू सांगितलंस तसंच सुरू केलं. पूर्वी आम्ही वर राईतून पाणी आणायचो, आता धरणावरून आणतो, ही प्रगती. मॅडमना कडा दाखवला, माकडं दाखवली. मॅडम त्या पोराकडं बघून म्हणाल्या, “पण गावाची लेखी संमती होती ना?” त्यानं कागद काढला.

तेव्हा मला वाटलं की गप्प राहावं. कागद मॅडमच्या हातात, वाडीतल्या कोणाला लांबून वाचता येणार नव्हता. एवढा एक क्षण मीही तुझ्यासारखी होते, हे तुला सांगून ठेवते. मग म्हटलं, “सही माझी आहे. वाडीची नाही. मी यातल्या कोणालाही विचारलं नाही.”

कुशाबाईनं फक्त माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यावरची निळी टोपी काढून खाली ठेवली, माझ्या पायाशी. गोकुळ, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मॅडम गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेऊन राईत गेले आणि पेटीवर घाव घालायला सुरुवात केली. एकटीच. एका बाईच्या हातानं पप्पूचं सिमेंट काय फुटतंय? अर्ध्या तासानं दाजी आले. मग जानकू घण घेऊन आला. दुपारपर्यंत निम्मी वाडी होती. माझ्याशी बोललं कोणी नाही, पण काम केलं. तीन दिवस लागले. सिमेंटच्या खाली फट सापडली, खपल्या काढल्या, बोटानं माती उकरली. काल दुपारी ओल आली. आज करंगळीएवढं पाणी आहे. निम्मं तरी पाणी अजून कड्याकडंच जातं. उंबर वाळायला लागला आहे, तो काही परत येत नाही.

वैजयंती


मंचर,
१८ मे २०२५

ती. आक्कास,
सा. न.

आनंदाची बातमी. आधी मला वाटलं होतं, सगळं संपलं. साहेबांनी दोन दिवस माझ्याकडे पाहिलंही नाही. पण तुम्ही पेटी फोडतानाचे फोटो जानकूच्या पोरानं मोबाइलवर टाकले, ते साहेबांनी पाहिले आणि त्यांना कल्पना सुचली. अहवालात आता असं लिहिलं आहे की जलशिक्षणामुळे महिलांमध्ये जागृती झाली आणि त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन झरा मोकळा केला. बांधणं आणि मोकळं करणं हे एकाच उपक्रमाचे दोन टप्पे म्हणून दाखवले आहेत. कंपनीच्या वरच्या लोकांना फार आवडलं. नूतन मॅडमनी काही शंका काढल्या होत्या, त्यांची आता दुसरीकडे बदली झाली आहे.

५ जूनला मंचरला मोठा कार्यक्रम आहे. तुला ‘जलसखी’ पुरस्कार जाहीर झाला आहे. तुझा पहार उगारलेला फोटो पाठीमागे मोठा लावणार आहेत. हर्षालीनं तुझ्यासाठी साडी आणून ठेवली आहे. गाडी पाठवतो.

जुन्नरकडच्या सहा वाड्यांचं कामही मंजूर झालं. त्यात तुझं माहेर, आपलं गाव आहे. आपल्या पाणवठ्यावर काम करायला मिळणार याचा मला अभिमान वाटतो.

आता तरी हसशील ना?

तुझा,
गोकुळ


बेहडवाडी,
२७ मे २०२५

गोकुळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, माझं वाचण्यात चुकतंय.

घर पेटवलं एकानं, विझवलं शेजाऱ्यांनी, आणि बक्षीस मात्र पेटवणाऱ्याच्या अंगणात. तुमच्या साहेबाला मानलं पाहिजे. त्याच्यापुढं पप्पू परवडला. तो निदान खडक फोडतो तेव्हा खडकच फोडतो म्हणतो.

मी येणार नाही. सोबत एक चिठ्ठी जोडली आहे, ती कार्यक्रमात मोठ्यानं वाच. चार ओळी आहेत. पेटी कोणी बांधली, झरा कशानं गेला, साळुबाई अजून खाटेवर आहे, आणि माहेरच्या झऱ्याला हात लावू नका. तुला मोठमोठ्यानं भाषणं करता येतात, चार ओळी जड जाणार नाहीत.

साडी हर्षालीनं नेसावी.

वैजयंती


मंचर,
६ जून २०२५

आक्का,

काल हॉल भरला होता. तुझ्या वतीनं पुरस्कार घ्यायला मी स्टेजवर गेलो. चिठ्ठी खिशात होती. काढली. ‘माझ्या वाडीतर्फे सर्वांना नमस्कार’ हे वाचलं. पुढं ‘पेटी तुम्ही बांधलीत’ असं होतं. समोर पहिल्या रांगेत साहेब बसले होते. मी चिठ्ठीची घडी घातली आणि म्हटलं, “बहिणीला शब्द सुचत नाहीत, इतकी ती भारावली आहे.” टाळ्या पडल्या.

हर्षालीनं वाजवल्या नाहीत. चिठ्ठी सकाळी तिनंच माझ्या खिशात ठेवली होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, “आक्कांना शब्द सुचत नाहीत, असं म्हणालात? आक्कांना?” घरी आल्यावर पोळ्या केल्या, माझं ताट वाढलं आणि आत निघून गेली.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. जानेवारीत, पहिल्या मापाच्याही आधी, भूजलाचं शिक्षण घेतलेला एक माणूस आमच्याकडे आला होता. त्यानं बेहडवाडीचा झरा पाहून दोन पानी अहवाल दिला होता. तोंडाशी सिमेंट नको, मशीन तर मुळीच नको, वरच्या उतारावर गुरं बंद करा, पाणी मुरायला दगडाच्या ताली घाला, झाडं राखा. तू लिहिलंस तेच, फक्त इंग्रजीत. पण त्यात बांधकाम नव्हतं, आणि बांधकामाशिवाय नाव कशावर लिहिणार, असं साहेब म्हणाले. तो अहवाल माझ्याच कपाटात ठेवला. तुझं पहिलं पत्र आलं तेही त्याच्यावरच ठेवलं. ऑफिसमध्ये वाचून दाखवलं म्हणून लिहिलं ते खोटं होतं. कोणी हसलं नव्हतं. कोणाला दाखवलंच नव्हतं.

अहवालाची झेरॉक्स सोबत पाठवतो. तुझ्या माहेरचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल. तू काय करायचं ते कर.

गोकुळ


बेहडवाडी,
९ जून २०२५

गोकुळ,

झेरॉक्स मिळाली. परत पाठवत आहे.

‘तू काय करायचं ते कर.’ साठी ओलांडलेल्या बहिणीनं डोंगर उतरून, तीन गाड्या बदलून, तुझ्या कंपनीच्या दारात उभं राहायचं आणि तू खिडकीतून बघणार. नाही. एकदा तुझ्या कागदावर सही करून मी तुझं काम केलं. हा कागद तुझा, तो तूच नेऊन दे. माहेरी मशीन चढायच्या आधी. जमत नसेल तर तसं लिही, म्हणजे मी तुझ्याबद्दल विचार करणं थांबवीन. मला कामं आहेत.

इकडचं सांगते. शुक्रवारी राईत वाडी बसली. पाणी कमी, म्हणून रांग लावायची ठरली. पहिला नंबर साळुबाईच्या घराला. मग लेकुरवाळ्या, मग बाकीच्या. माझ्या सहीचं काय करायचं, असं जानकूनं काढलं. कुशाबाई म्हणाली, “तिनं आपल्याला इचारलं न्हाई, आपण तरी तिला कशाला इचारायचं?” आणि मला न विचारता ठरवलं की वर्षभर माझी घागर शेवटची. सगळ्यांचं भरल्यावर उरलं तर माझं. दाजी चिडले. मी म्हटलं, गप्प बसा.

काल चार तास उभी होते. अर्धी घागर मिळाली. गोकुळ, तुझ्या पुरस्कारापेक्षा हे बरं आहे. यात मला काय शिक्षा आहे आणि ती कशाची, हे निदान समजतं.

शेवटच्याच्या मागं जागा रिकामी आहे.

वैजयंती


बेहडवाडी,
१४ जून २०२५

प्रिय हर्षाली,

इथून फोन लागत नाही, म्हणून जानकूच्या हाती हे देतो.

बुधवारी सकाळी तुला ‘ऑफिसला जातो’ म्हणून निघालो, ते खरं होतं, पण कंपनीच्या ऑफिसला गेलो. अहवाल, आक्काची सगळी पत्रं, आणि मी स्टेजवर न वाचलेली चिठ्ठी, सगळं दिलं. तिथल्या साहेबांनी दीड तास बसवून ठेवलं, मग पाच मिनिटं वाचलं. जुन्नरचं काम तूर्त थांबवलं आहे. कायमचं नाही, तूर्त. तोपर्यंत आपल्या साहेबांचा फोन आला, उद्यापासून येऊ नकोस म्हणून. एका दिवसात मी एवढंच केलं, आणि तेही जानेवारीत करायचं होतं.

घरी यायचं धाडस झालं नाही. घोडेगावात एक घागर घेतली आणि जीपमध्ये बसलो.

आक्कानं दारात पाहिलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. दाजींनी पाणी दिलं, अर्धा तांब्या. सकाळी तिच्या मागोमाग राईत गेलो. ऊन होतं म्हणून पिशवीतली संस्थेची निळी टोपी घातली, केवढी चूक! कुशाबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “आन् फोटो काढनारा कुठंय?” सगळ्या हसल्या. मी टोपी काढली. पाच तास बत्तीसाव्या नंबरावर उभा होतो. पुढं आक्काची पाठ. एकदाही वळली नाही. बायका येत होत्या, भरत होत्या, जात होत्या. मी आठ वर्षं पाण्यावर भाषणं केली, हर्षाली, पण एक घागर भरायला किती वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

आक्काची पाऊण घागर झाली. तिनं चुंबळ ठेवली, घागर उचलली आणि बाजूला उभी राहिली. मी वाकलो. फटीत गढूळ पाणी उरलं होतं, वाटीनं भरावं लागत होतं. तळ झाकेल एवढं जमलं. उठलो तेव्हा ती अजून तिथंच होती. माझ्या घागरीत डोकावली. म्हणाली, “गाळून घे.”

आणि उतरायला लागली. मी मागोमाग उतरलो.

तुझा,
गोकुळ